पांढऱ्या भाताचं व्रत

मातीचा घडा कासिनेमच्या हातातून निसटला आणि अंगणातल्या फरशीवर फुटला. फुटायचा तर तो होताच. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला सात झऱ्यांच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि सगळ्यात शेवटी आईनं रिकामा घडा जमिनीवर आपटून म्हणायचं, की माझ्या लेकीचं तेज आता मोकळं झालं... पण कासिनेमच्या लेकीच्या, विदातीच्या, डोक्यावर अजून पाण्याचा एक थेंबही पडला नव्हता. मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी खांद्यावर घेऊन ती डोळे मिटून बसली होती, आणि घड्यातलं पाणी गुलाबाच्या पाकळ्यांसकट तिच्या पायांशी वाहून गेलं.

घड्यापाठोपाठ सासूही खाली येते आहे, हे रुमिनीला सगळ्यांच्या आधी कळलं. हातातलं कोरडं बाटिकचं वस्त्र टाकून तिनं कासिनेमला मागून धरलं. अंग गार पडलं होतं, कपाळावर घाम होता, ओठांत रक्त नव्हतं.

"माक," ती सासूच्या कानाशी म्हणाली, "मी धरलंय तुम्हाला. टेका माझ्यावर."

माक म्हणजे आई. कासिनेमनं डोळे उघडले, सुनेकडे पाहिलं, आणि तिला हाक मारली ती केव्हाच वारलेल्या आपल्या बहिणीच्या नावानं.

जमलेल्या बायकांपैकी कुणी अपशकुन म्हणालं, कुणी म्हणालं, व्रत अंगावर आलंय. कासिनेमचं व्रत सगळ्या गावाला माहीत होतं. जावाच्या त्या भागात आई लेकरासाठी काही मागते तेव्हा स्वतःचं काहीतरी सोडते. विदातीचं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं, नंतर बरीच वर्षं कुणी विचारायला आलं नव्हतं, आणि आता तिशी उलटल्यावर बाजारातल्या मुर्तियाबाईंच्या मुलाशी, युवोनोशी, तिचं जमलं होतं. म्हणून कासिनेम लग्नाची घाई सुरू झाल्यापासून फक्त पांढरा भात खात होती आणि पाणी पीत होती. मीठ नाही, साखर नाही, सुनेच्या हातचा काढाही नाही. मधूनच तिला मळमळायचं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रुमिनीनं किती वेळा विनवलं, की निदान भाताबरोबर चिमूटभर मीठ तरी घ्या. सासूचं उत्तर एकच. जे सोडायला सगळ्यात जड जातं, तेच सोडायचं असतं. हलकं ते कुणीही सोडील.

जिल्ह्याच्या इस्पितळात कासिनेमला सलाईन लागलं. डॉक्टर पालुपी म्हणून एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी कासिनेमचा गोल झालेला चेहरा निरखून पाहिला, मानेमागची चरबीची गादी दाबून पाहिली, दंडावरची कागदासारखी पातळ कातडी आणि त्यावरचे जांभळे डाग पाहिले. मग बाहेर येऊन घरच्यांना विचारलं, की ह्या काय घेत होत्या? सांधेदुखीवर काही?

"सुनेच्या हातचा काढा," असं उत्तर तुगिरा मावशीनं दिलं. ती कासिनेमची चुलत बहीण, लग्नाच्या स्वयंपाकावर देखरेख करायला आलेली, आणि विचारल्याशिवाय उत्तर द्यायची तिची जुनी सवय.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सांधेदुखीच्या काही तयार औषधांत आणि काढ्यांत लोक एक जोरकस औषध मिसळतात. स्टेरॉइड म्हणतात त्याला. दुखणं पळतं, भूक लागते, अंगावर मांस आल्यासारखं दिसतं. पण आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते, ती हेच द्रव्य रोज जरुरीपुरतं स्वतः बनवत असते. बाहेरून आयतं मिळायला लागलं, की ती काम सोडते. वर्षानुवर्षं मिळत राहिलं तर गाढ झोपते. आणि मग एके दिवशी बाहेरचं एकदम बंद झालं, त्यातच अंगावर ताण आला, म्हणजे उपास, जागरण, लग्नाची धावपळ... तर शरीर त्या ग्रंथीला हाका मारतं आणि आतून ओ येत नाही. रक्तदाब कोसळतो. माणूस दगावतोसुद्धा.

"ह्यांनी अलीकडे काय बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी रुमिनीकडे पाहिलं.

रुमिनी जामू विकायची. जामू म्हणजे जडीबुटीचे ताजे काढे. हळद-चिंचेचा, कचोरा-तांदळाचा, आल्याचा, आणि नाक दाबून प्यायचा तो कडू. पाट्यावर वाटायचं, फडक्यातून पिळायचं, बाटल्या टोपलीत उभ्या लावायच्या, टोपली शेल्यानं पाठीला बांधायची आणि दारोदार फिरायचं. तिच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. पण तिच्या सांधेदुखीच्या काढ्याचा जो बोलबाला झाला, तो आईच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्याचं चालतंबोलतं प्रमाणपत्र म्हणजे कासिनेम. जन्मभर भाताची लावणी करून जिचे गुडघे गेले होते, ती म्हातारी अंगानं भरली, चेहरा चंद्रासारखा गोल झाला, नमाजाला वाकायला लागली. बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. रुमिनीला वाटायचं, आपल्या हाताला देवानं गुण दिला.

ते वाटणं त्या इस्पितळाच्या वऱ्हांड्यात संपलं. आपल्या काढ्यात काय असतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यात असं काही नव्हतं. म्हणजे मग सासूच्या त्या भरलेल्या गालांचं श्रेय तिचं नव्हतंच कधी...

"हाताला गुण आहे म्हणायचो आम्ही," तुगिरा मावशी म्हणाली. "गुण बाटलीत होता होय."

दर्मांतो, रुमिनीचा नवरा, भातगिरणीवर काम करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"काय घालत होतीस?"

"हळद, आलं, पिंपळी, गूळ. तुमच्यासमोर तर वाटते."

"रुमिनी, ती माझी आई आहे."

एवढंच म्हणाला. माझा विश्वास नाही असं म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं. पण तो भिंतीकडे बघत उभा राहिला, आणि ज्या माणसाबरोबर तिनं एकच भाजी दोन्ही वेळांना पुरवून संसार केला, त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं, की आत्ता इथे आपलं कुणी नाही.

सासूचे कपडे आणायला ती घरी आली. कपाटाच्या तळाशी कासिनेमचा पितळी पानाचा डबा होता. म्हातारीनं पान खाणं कधीच सोडलं होतं, तरी डबा मात्र कुणाला हात लावू देत नसे. रुमिनीनं तो उघडला. आत प्लास्टिकच्या चिमुकल्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीत गुलाबी, पिवळी, हिरवी, पांढरी अशा गोळ्या. ना नाव, ना गाव. बाजारात सांधेदुखीला, कंबरदुखीला, थकव्याला अशा मिश्र पुड्या सर्रास मिळतात हे तिलाही माहीत होतं. पण ती बघत राहिली ते गोळ्यांकडे नाही. पुड्यांची तोंडं मेणबत्तीवर धरून चिकटवली होती, आणि चिकटवण्याआधी एक कोपरा आत मुडपला होता. केळीच्या पानात भात बांधतानाही विदाती असाच कोपरा आत मुडपायची. लहानपणापासूनची तिची सवय. मुर्तियाबाईंच्या औषधांच्या गाळ्यावर ती गेली काही वर्षं कामाला होती. तिथेच युवोनोनं तिला पाहिलं होतं.

विदाती तिच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. उद्या कपाळावर काढायच्या काळ्या महिरपीसाठी तिथले बारीक केस काढून झाले होते, त्यामुळे तिचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. रुमिनीनं पुडी तिच्या मांडीवर ठेवली.

विदाती रडली नाही. तिनं पुडीचा मुडपलेला कोपरा अंगठ्यानं सपाट केला.

"तिला रात्ररात्र झोप नव्हती, वहिनी. तू जामू विकायला बाहेर पडलीस की ती गुडघे धरून बसायची. मी एक पुडी दिली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. मला काय माहीत त्यात काय आहे? मुर्तियाबाईंनासुद्धा माहीत नाही. ठोकवाला गोळ्या सुट्या आणून देतो, आम्ही जुळणी करतो. सगळं गाव घेतं. व्रत धरलं तेव्हा तिनं काढ्याबरोबर पुड्याही सोडल्या."

"आणि सगळे माझ्या काढ्याचं नाव घेत होते तेव्हा?"

"माक म्हणाली, असू दे. सुनेला तेवढंच बरं वाटतं. तिचा धंदाही चालतो."

रुमिनी खाली बसली. तिला हसू आलं. इतकी वर्षं आपण सासूला बरं करतो आहोत असं समजून ती रोज कप भरून द्यायची, आणि सुनेची ती समजूत राहावी म्हणून सासू तो रोज प्यायची...

"तू सांगणार?" विदातीनं विचारलं. "आज कळलं तर उद्याचं लग्न होत नाही. नवऱ्यामुलाच्या आईनं नवरीच्या आईला विष दिलं, असं म्हणतील लोक. मुर्तियाबाई दारात उभं करणार नाहीत मला. आणि एकदा मोडलेली मी, वहिनी. दुसऱ्यांदा मोडले तर मला कोण जोडणार?"

रुमिनीनं पुडी उचलून कमरेला खोचली. तिनं मनाशी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तांदळातून खडे वेगळे करावेत तशा. डॉक्टरांपासून लपवायचं नाही, कारण त्यात माकचा जीव होता. घरापासून लपवायचं, कारण ज्या लग्नासाठी माकनं मीठ सोडलं, ते लग्न मोडून माकला वाचवलं असं तिला सांगायचं तरी कसं? मधे उरलं होतं फक्त स्वतःचं नाव. ते आजच खाली पडलं होतं. पडलेलंच अजून थोडे दिवस पडू द्यायचं.

"उद्या नीट बस," ती विदातीला म्हणाली. "कपाळावरची रेघ वाकडी होईल अशी रडू नकोस."

डॉक्टर पालुपींनी पुडी उघडून पाहिली आणि हिरव्या गोळीवर बोट ठेवलं. हीच असणार. रुमिनीनं हात जोडून सांगितलं, की घरच्यांना हे आत्ता कळू नये. डॉक्टरांनी पुडी मिटून खिशात ठेवली. मग म्हणाल्या, "रुग्णाचं मी बाहेर बोलत नाही. पण एक लक्षात ठेवा. ह्या पुड्या तुमच्या सासूबाई एकट्या घेत नसणार. तुमच्या गप्प बसण्याची किंमत कधीतरी दुसरंच कुणी मोजेल."

मग त्यांनी पुढचं समजावलं. हे औषध वाईट म्हणून आता एकदम बंद करायचं नाही. उलट काही महिने रोज सकाळी द्यायचं, मोजून, हळूहळू कमी करत. झोपलेली ग्रंथी दार बडवून उठत नाही, थोडं-थोडं काम तिच्यावर सोपवावं लागतं. आणि ताप आला, उलट्या झाल्या, पडझड झाली, तर त्या दिवसांत गोळी दुप्पट, आणि पोटात ठरत नसेल तर सरळ इस्पितळ.

म्हणजे जी गोळी आपण चोरून खाऊ घातली असं सगळे म्हणत होते, तीच आता आपल्याच हातानं, सगळ्यांच्या देखत, रोज द्यायची. रुमिनी म्हणाली, "देईन."

लग्न झालं. बाप नव्हता म्हणून दर्मांतोनं वाली, म्हणजे पालक, ह्या नात्यानं बहिणीला दिलं, आणि नवरानवरी साज उतरवायच्या आत इस्पितळात येऊन कासिनेमच्या पाया पडली. म्हातारीला आता माणसं ओळखू येत होती. तिनं लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि डोळे मिटून घेतले. सुनेकडे पाहिलं नाही. रुमिनीनं ते पाहिलं, आणि ते तिला वऱ्हांड्यातल्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ते महिने आले. रुमिनी रोज टोपली बांधून निघायची. दारं उघडी असायची आणि माणसं आत नसायची. एकदा तुगिरा मावशीनं कुंपणावरून विचारलं, की आज कुणाला पाडणार. रुमिनी थांबली, टोपली उतरवली, कप काढला, हळद-चिंच ओतली आणि तिच्यासमोर उभ्यानं प्यायली. मग दुसरा कप, आल्याचा. मग तिसरा, कडू.

"मावशी, संध्याकाळी येऊन बघा, उभी आहे का ते," म्हणाली, आणि टोपली उचलून पुढे गेली. तिची पाठ काही वाकली नाही. उलट ओझं परत येताना तेवढंच असायचं, म्हणून ती जरा जास्तच ताठ चालायची.

मात्र डॉक्टरांचं ते वाक्य तिला सोडत नव्हतं. बाजारातून जाताना ती माणसांचे चेहरे बघायची. तो भाजीवाला, इतका गोल कधी झाला? ती शिवणकाम करणारी, दंडावर डाग कसले? ती थांबायची, तोंड उघडायची, आणि विदातीची आठवण येऊन मिटायची.

घरात कासिनेम गोळी घ्यायची, पाणी प्यायची, काही बोलायची नाही. गाल उतरले तसे गुडघे परत बोलू लागले. उठताना ती भिंत धरायची. रुमिनी तीळतेल कोमट करून गुडघ्यांना चोळायची आणि म्हातारी छताकडे बघत राहायची.

एक दिवस दुपारी कासिनेमला हीव भरून ताप आला. रुमिनीनं गोळ्यांची बाटली काढली. दर्मांतो गिरणीतून जेवायला आला होता. त्यानं ती तिच्या हातातून घेतली.

"सकाळी दिलीस ना?"

"ताप आहे. आज दुप्पट द्यायचीय."

"दुप्पट?" त्याचा आवाज चढला नाही, पण बाटली त्यानं पाठीमागे नेली. "ह्याच गोळ्यांनी ती पडली. कमी करत आणल्या, आता पुन्हा वाढवायच्या? रुमिनी, मी इतके दिवस काही बोललो नाही. पण तुझ्या हातून माझ्या आईला आता आणखी एक गोळी जाणार नाही."

"मग तुमच्या हातानं द्या," रुमिनी म्हणाली. "मी बाहेर उभी राहते. मला घरातून जा म्हणालात तरी जाईन. पण आत्ता, ह्या घटकेला, द्या. तापात अंगाला जास्त लागतं आणि ते आतून अजून तयार होत नाही. नाही दिलीत तर संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा पडतील, आणि ह्या वेळेला मागून धरायला मीही पुरणार नाही."

तिनं हे इतक्या ठामपणे सांगितलं, की दर्मांतो बाटली पुढे आणून तिच्यावरचं नाव वाचायला लागला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. क्षीण होता, पण हुकुमाचा होता.

"बाटली दे तिला. मी तिच्याच हातून घेईन."

कासिनेमनं गोळ्या घेतल्या. ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी दर्मांतो आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला तेव्हा त्यांनी सांगितलं, की वेळेवर दुप्पट दिली म्हणून ही आज स्वतःच्या पायांनी आली.  पुढच्या दिवशी रुमिनी उठली तर तो पाट्यापाशी बसून हळद वाटत होता, अगदी ओबडधोबड, अर्धी जमिनीवर सांडत. गिरणीत सगळ्यांनी त्याचे पिवळे हात पाहिले. विचारलं तर म्हणायचा, "बायकोचं काम आहे."

त्याच दिवशी तेल चोळून घेताना कासिनेम पहिल्यांदा बोलली.

"पानाचा डबा तू उघडलास."

"हो."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि मला माहीत आहे की तुला माहीत आहे." रुमिनीचे हात थांबले. म्हातारी पुढे बोलत राहिली, छताकडे बघतच. "शुद्धीवर आले तेव्हाच ऐकलं, सगळं तुझ्यावर घातलंय म्हणून. बोलावंसं वाटलं. पण विदाती समोर उभी होती, कपाळावरची रेघसुद्धा पुसली नव्हती. म्हटलं, उद्या बोलू. मग परवा. तू रोज सोसत होतीस, मला रोज आयतं मिळत होतं... आतलं झोपून गेलं. डॉक्टरीण म्हणते ना, तसंच."

तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. रुमिनीनं ते आपल्या पदरानं टिपलं. तिला रागावायचं होतं, खूप दिवसांचा राग साठला होता, पण हातांत तो गुडघा होता, सुजलेला, गरम, खरा. त्याच्यावर रागावता येईना.

"हळूहळू जागं होतं, माक," ती म्हणाली. "त्याही म्हणाल्या, वेळ लागतो."

ईदची सकाळ झाली. रमजानचे उपास त्या वर्षी डॉक्टरांनी कासिनेमला करू दिले नव्हते. नमाजाहून सगळे परतले, नारळाच्या झावळीत शिजवलेला भात आणि कोंबडीचा रस्सा झाकून ठेवला होता. त्या दिवशी जेवायच्या आधी एक काम असतं. वडीलधारी खुर्चीवर बसतात, धाकटे गुडघ्यांवर सरकत येतात, त्यांच्या मांडीवर डोकं टेकतात आणि कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतात. विदाती आणि युवोनो आले होते, मुर्तियाबाई आल्या होत्या, तुगिरा मावशी होतीच. कासिनेम भिंत धरून आली आणि खुर्चीत बसली. मग तिनं शेजारी आणखी एक खुर्ची मागवली.

"रुमिनी, इथे बस."

रुमिनी म्हणाली, तिथे तिचा मान नाही. म्हातारी म्हणाली, मान कुणाचा ते मी ठरवते. मग लेकीकडे वळली. विदाती गुडघ्यांवर येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवणार, तोच तिनं पाय मागे घेतले.

"आधी तिथे."

विदातीनं आईकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, मग सासूकडे. तिचा रंग उडाला. ती एका बाजूला वळली, रुमिनीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि माफी मागताना जे ठरलेलं म्हणतात ते न म्हणता म्हणाली, "वहिनीच्या काढ्यात काही नव्हतं. पुड्या मी दिल्या. दुकानातल्या."

 युवोनोनं मान खाली घातली. सगळे मुर्तियाबाईंकडे बघायला लागले, आणि रुमिनीनंही पाहिलं. ह्या क्षणाला घाबरून तर ती इतके महिने गप्प राहिली होती. मुर्तियाबाई थुलथुलीत, गोल तोंडाच्या, दागिने घातलेल्या. त्या उठतील, सुनेला तिथेच सोडून निघून जातील, असं वाटलं.

त्या उठल्या नाहीत. त्यांनी आपली बाही हळूच वर सरकवली. दंडावर जांभळे डाग होते.

"मी स्वतः घेते," त्या म्हणाल्या. "खांद्यासाठी. विकते तेच घेते. आता जाऊन सगळ्या नाल्यात फेकते."

"नाही," रुमिनी म्हणाली.

ती उठून त्यांच्यापाशी गेली आणि तो दंड हातात घेतला.

"एकदम सोडायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी एकदम नाही. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं. तोवर रोजची पुडी घ्यायची. आणि दुकानातून कोण-कोण नेतं, त्या सगळ्यांना हेच सांगायचं, की विकणं आजपासून बंद, पण घेणारानं डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबायचं नाही. मी येते तुमच्याबरोबर घरोघर. माझी दारं पाठ आहेत."

मुर्तियाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी विदातीकडे पाहिलं. ती अजून रिकाम्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर होती. "ऊठ गं," त्या म्हणाल्या, "पाय भरून येतील. घरी जाऊन तुझंमाझं बघू." आवाजात राग होता, पण घरी म्हणाल्या होत्या.

तुगिरा मावशीनं घसा खाकरला. म्हणाली, की तिची कंबर जरा... म्हणजे कधीमधी ती पण एखादी पुडी... रुमिनी म्हणाली, "मावशी, तुम्हीपण चला. वाटेत आल्याचा पाजते." त्यावर आधी युवोनो हसला, मग सगळेच.

माफीचा क्रम पुढे चालू झाला. दर्मांतोनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. मग रुमिनीपुढे आला तेव्हा नवऱ्यानं काय करावं ह्याची रीत त्याला सुचेना, म्हणून त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तसाच उभा राहिला. त्याची नखं अजून पिवळी होती.

सगळ्यात शेवटी रुमिनी सासूसमोर गुडघ्यांवर बसली. त्या गुडघ्यांत किती कळ असते हे तिच्या हातांना माहीत होतं, म्हणून तिनं डोकं हलकेच, स्पर्श होईल न होईल असं ठेवलं आणि भार आपल्या मानेवरच पेलला.

कासिनेमनं दोन्ही हात तिच्या केसांवर ठेवले आणि डोकं खाली दाबलं.

"टेक नीट," ती म्हणाली. "दुखू दे."